वाचकाची बदली होते, सभासदत्वाची होत नाही
राज्य ग्रंथालय परिषदेस खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
राज्य ग्रंथालय परिषद, महाराष्ट्र



महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि आपली परिषदही त्याच कायद्यातून आली. त्या कायद्याच्या आधारावर आज राज्यात अकरा-बारा हजार ग्रंथालये शासनाच्या अनुदानावर उभी आहेत. कुणी 'अ' वर्गात, कुणी 'ड' वर्गात. ग्रंथ किती, सभासद किती, वर्तमानपत्रे-नियतकालिके किती, दार रोज किती वेळ उघडे, यांवर वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान. या सगळ्या मोजणीच्या मुळाशी एक गृहीतक आहे. वाचक ग्रंथालयाच्या आसपास राहतो, पुढेही तिथेच राहणार आहे आणि ग्रंथालय उघडे असते त्या वेळी त्याला सवड असते. १९६७ साली हे गृहीतक फारसे चुकीचे नव्हते. पण याच राज्याच्या विधिमंडळाने २००५ साली शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणारा कायदा केला आणि एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरवला. एकाच जागी ठाण मांडून बसण्याला आळा बसावा आणि मर्जीतल्या-नामर्जीतल्या बदल्यांना शिस्त लागावी, हा त्यामागचा हेतू योग्यच होता. मात्र या दोन कायद्यांना एकमेकांची खबर नाही. एक कायदा वाचक इथेच राहील असे धरून पैसे देतो, तर दुसरा त्याच वाचकाला काही वर्षांनी उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन ठेवतो. या दोहोंच्या मधल्या फटीत कितीतरी माणसांचे वाचन हरवले आहे.

सरकारी नोकरीचे उदाहरण घेतले ते तिथले नियम लिहिलेले असतात म्हणून. बाहेर तर लिहिलेलेही काही नसते. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या, आणि पुढच्याच १ एप्रिलला आणखी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. अशा विलीनीकरणात शेजारशेजारच्या शाखा एक होतात आणि कर्मचाऱ्यांना नवी जागा, नवी प्रणाली, नवे साहेब स्वीकारावे लागतात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक जणांची कपात जाहीर केली. माहिती-तंत्रज्ञानातल्या मंडळींच्या बोलण्यात 'बेंच', 'रिलीज', 'नोटीस पीरियड' हे शब्द पावसापाण्यासारखे येतात. शिफ्ट बदलते, प्रोजेक्ट बदलतो, कायमचा माणूस कंत्राटी होतो, प्राथमिक शिक्षकाला दुर्गम तालुका मिळतो. नोकरी जाणे हा नको असलेल्या बदलाचा सर्वांत ठळक प्रकार झाला. पण नोकरी राहते आणि तिच्याभोवतीचे आयुष्य मात्र उचकटले जाते, हा प्रकार त्याहून कितीतरी अधिक सर्रास घडतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. नोकरीतला नको असलेला बदल वाचन तोडतो. तुटलेले वाचन पुन्हा जोडायला आज हाताशी असलेले सर्वांत कामाचे साधन ई-रीडर आहे. आणि त्या साधनाचा मराठी वाचकाला खरा उपयोग व्हायचा असेल, तर सार्वजनिक ग्रंथालयांनी ई-पुस्तके द्यायला लागले पाहिजे. हे काम दुकानांवर सोडून भागणार नाही.

आधी वाचन तुटते कसे ते पाहू. बदली झालेल्या माणसाची वाचनाची आवड मरते असे आपण सहज म्हणतो, आणि तिथेच निदान चुकते. आवड जागच्या जागी असते. जाते ती तिच्याखालची व्यवस्था. सामान टेंपोत चढते तेव्हा पुस्तकांची खोकी सर्वांत जड आणि सर्वांत कमी निकडीची ठरतात. ती गावच्या घरी माळ्यावर जातात, नाहीतर रद्दीत. जुन्या ग्रंथालयातली अनामत एकतर परत घ्यायची राहते किंवा तिच्यासाठी कुणी पुन्हा तिथे जात नाही. नव्या गावी सभासद व्हायचे तर तिथल्या पत्त्याचा पुरावा हवा, पुन्हा अनामत हवी. भाड्याच्या खोलीत अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस हे सगळे पुढच्या महिन्यावर ढकलतो. तोवर ग्रंथालयाच्या वेळा त्याच्या पाळीशी जुळत नाहीत हेही त्याच्या ध्यानात आलेले असते. आणि बदली राज्याबाहेर झाली तर बोलायलाच नको. गुवाहाटीत किंवा कोइमतूरमध्ये मराठी पुस्तक संध्याकाळी सहज जाऊन बदलून आणण्याची सोय नाही. इथे अवघड असे एकेकटे काहीच नाही. अडथळे छोटे छोटेच आहेत, पण ते सगळे एकाच वेळी येतात, तेही माणसाची उमेद सर्वांत कमी असते त्या वेळी.

या 'उमेद कमी असते त्या वेळी' या गोष्टीवर थोडे थांबायला हवे, कारण माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत तगडा आक्षेप तिथूनच निघतो आणि त्याला जुना, भक्कम पुरावा आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे गाव आहे. जवळजवळ अख्खे गाव एका कापडगिरणीवर जगत होते. जागतिक मंदीत, १९२९-३० च्या सुमारास, ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण संशोधकांनी त्या गावाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. बेरोजगारीवरचे समाजशास्त्रीय लेखन आजही त्याचा हवाला देते. गावात कामगारांचे ग्रंथालय होते. आधी पुस्तकामागे काही पैसे पडत, बेकारीत तेही माफ झाले. म्हणजे पुस्तके फुकट आणि वेळ मुबलक. तर्काने वाचन वाढायला हवे होते. प्रत्यक्षात दोन वर्षांत पुस्तकांची देवघेव जवळपास निम्म्यावर आली. संशोधकांनी रस्त्यावरच्या माणसांचा चालण्याचा वेगही मोजला, आणि पुरुष सावकाश, थांबत थांबत चालताना दिसले. अनेकांनी घड्याळ बाळगणेच सोडून दिले होते. वेळ हाती आला होता, पण त्याला कड उरली नव्हती. कामाला जायचे नाही तर कामावरून यायचेही नाही, आणि कामावरून आल्यावर दिवा लावून वाचायची जी तासाभराची जागा होती तीही मग राहत नाही.

मारिएन्थालचा दाखला देऊन कुणी म्हणेल की पुस्तके फुकट दिली तरी खचलेली माणसे वाचत नाहीत, तर ई-पुस्तकांवर पैसे कशाला घालवायचे? आक्षेप गंभीर आहे. 'वाचनाने ताण पळतो' अशा घोषणेने तो उडवून लावण्यात अर्थ नाही. अशी घोषणा करताना सहा मिनिटांच्या वाचनाने ताण अडुसष्ट टक्क्यांनी घटतो हा आकडा हमखास फेकला जातो. तो एका चॉकलेट कंपनीच्या प्रचारमोहिमेच्या निमित्ताने झालेल्या छोट्याशा चाचणीतून आला आहे, आणि ग्रंथालयांचे धोरण त्यावर उभारण्याइतकी त्याची लायकी नाही. मला मारिएन्थालमधून दिसते ते वेगळे. वाचन टिकते ते सवडीमुळे किंवा फुकटेपणामुळे नव्हे, सलगतेमुळे. काल कुठवर आलो होतो ते पान आज सापडले पाहिजे. पुस्तक संपले की पुढचे मिळवायला फारसा खटाटोप पडता कामा नये. ही साखळी एकदा तुटली की ती पुन्हा जोडायला जे बळ लागते, ते नोकरीच्या धक्क्यात सापडलेल्या माणसाजवळ नसते. म्हणून मदत करायची तर ती धक्क्याच्या आधीपासून माणसाजवळ असायला हवी, आणि धक्क्याबरोबर तुटणार नाही अशी हवी. नव्या गावी गेल्यावर सभासद व्हा, असे सांगणे म्हणजे मारिएन्थालचीच चूक पुन्हा करणे.

ई-रीडरचे महत्त्व इथे आहे. आपल्याकडे त्याची गणती मोबाइल आणि टॅबलेट यांच्याच गोतावळ्यात होते, पण त्याचा पडदा जातीनेच निराळा. त्यात सूक्ष्म कुप्या असतात, कुप्यांत विद्युतभारित काळे आणि पांढरे कण असतात, आणि विजेच्या इशाऱ्यावर काळे वर आले की अक्षर उमटते. एकदा उमटले की ते तसेच राहते. वीज लागते ती पान उलटताना, त्यामुळे चार्जिंग आठवडे पुरते. पडदा कागदासारखा बाहेरच्या प्रकाशावर वाचला जातो. नव्या यंत्रांत दिवा असतो, पण तो कडेने पडद्यावर पडतो, डोळ्यांवर रोखलेला नसतो. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. चाळिशी लागलेल्या वाचकाला अक्षर मोठे करता येते, ही गोष्ट तरुण समीक्षकांना किरकोळ वाटते, पण दाट छपाईच्या जुन्या मराठी आवृत्त्या ज्यांनी केवळ डोळ्यांमुळे बाजूला ठेवल्या त्यांना विचारा. आणि माझ्या मते सर्वांत मोठा गुण म्हणजे या यंत्राला दुसरे काही येत नाही. त्यावर कचेरीचा व्हॉट्सॲप ग्रुप वाजत नाही. ज्याची शिफ्ट नुकतीच बदलली आहे, ज्याला रात्री अकरालाही साहेबांचा संदेश येऊ शकतो, त्याच्यासाठी कंपनीला पोहोचता न येणारा एक पडदा जवळ असणे ही चैन म्हणता येणार नाही. बदलीच्या टेंपोत खोकी चढोत न चढोत, हे यंत्र खांद्यावरच्या पिशवीत राहते, आणि वाचक जिथे थांबला होता तेच पान नव्या खोलीत पहिल्या रात्री उघडते. मराठीपुरते बोलायचे तर डिसेंबर २०१६ पासून किंडलवर हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर मराठी पुस्तकेही रीतसर मिळू लागली. बुकगंगाने आणि ई-साहित्य प्रतिष्ठानने आपापल्या वाटांनी हे काम केले आहे.

पण पडद्यावर वाचलेले नीट उमगत नाही असे संशोधन सांगते ना? सांगते, आणि ते नीट वाचले पाहिजे. २०१८ मध्ये डेल्गादो आणि सहकाऱ्यांनी चौपन्न अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत एक लाख सत्तर हजारांहून अधिक लोक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना अधिक समजला, आणि वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढला. कथनात्मक मजकुरात मात्र फरक आढळला नाही. आने मांगेन यांनी तर थेट किंडल आणि छापील पुस्तक समोरासमोर ठेवले. पन्नास वाचकांना एक दीर्घ रहस्यकथा दिली, निम्म्यांना कागदावर, निम्म्यांना किंडलवर. बहुतेक कसोट्यांवर दोन्ही गट सारखेच उतरले, पण घटनांचा क्रम लावताना कागदवाले पुढे होते. उरलेल्या पानांची जाडी बोटांना कळत नाही याची ही किंमत असावी. झोपेचेही तसेच. रात्री ई-पुस्तक वाचल्याने झोप लागायला उशीर होतो, असा निष्कर्ष अमेरिकेत २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि सगळीकडे छापून आला. त्या प्रयोगात बारा जण होते आणि त्यांच्या हाती होता तो प्रकाश फेकणारा आयपॅड, शाईच्या पडद्याचा ई-रीडर नव्हे. तेव्हा परीक्षेचा अभ्यास, कायद्याचे पुस्तक, आकडेमोड असलेला अहवाल कागदावरच वाचावा, मी वाद घालणार नाही. कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन यांचा प्रश्न निराळा. शिवाय तुलना कशाशी करतो तेही पाहायला हवे. बदली झालेल्या वाचकापुढे छापील पुस्तक की ई-पुस्तक असा पर्याय बहुधा नसतोच. त्याच्यापुढे असते ई-पुस्तक, नाहीतर अंगठ्याने वर सरकत जाणारे रील.

मग दुकाने आहेत, वाचक विकत घेतील. त्यात परिषदेचे काय काम, असे आपण विचारू शकता. उत्तर तीन पदरी आहे. पहिला पदर पैशाचा. पगार अनिश्चित झालेला माणूस सर्वांत आधी पुस्तकांच्या खर्चाला कात्री लावतो, आणि यंत्र घेतलेच तर त्यावर वाचायला दर महिन्याला विकत घेणे त्याला झेपत नाही. दुसरा मालकीचा. दुकानातून घेतलेले ई-पुस्तक बहुधा आपले नसते, ते वाचण्याचा परवाना आपला असतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्काच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी, तिचे पैसे भरलेल्या वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली. कादंबरीही नेमकी तीच निघावी! कंपनीने माफी मागितली खरी. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोयही तिने बंद केली. एका परदेशी कंपनीच्या हिशेबावर मराठी वाचनाची सलगता सोपवणे शहाणपणाचे नाही, आणि म्हणूनच मी ई-रीडरचे गुण गातो तेव्हा कोणत्याही एका दुकानाचे गात नाही. खुल्या ईपब स्वरूपातले पुस्तक कोणत्याही कंपनीच्या यंत्रात जाऊ शकले पाहिजे, आणि देण्या-परतीची नोंद ग्रंथालयाकडे असली पाहिजे.

तिसरा पदर मराठीचा स्वतःचा आहे आणि तो जरा तांत्रिक आहे, पण सगळे घोडे तिथेच अडले आहे. मराठी प्रकाशनाने दोन-तीन दशके श्रीलिपी, आकृतीसारख्या सॉफ्टवेअरांवर अक्षरजुळणी केली. त्या काळातल्या फायलींत पडद्यावर 'क' दिसतो, पण आतमध्ये तो 'क' म्हणून साठवलेला नसतो. भलत्याच संकेतांकावर देवनागरीचे चित्र बसवलेले असते. अशी फाइल युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरे फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जातो, 'ऱ्या' बिघडतो, पहिली वेलांटी नको तिथे पडते, आणि मग माणसाने बसून अख्खे पुस्तक पुन्हा तपासावे लागते. हजार प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशकाला हा खर्च परवडत नाही. म्हणून तो एकतर ई-आवृत्ती काढतच नाही, किंवा पानांच्या चित्रांची पीडीएफ काढतो. पीडीएफ सहा इंची पडद्यावर उघडली की पान मुंगीएवढे दिसते, अक्षर मोठे केले तर ओळ पडद्याबाहेर जाते. शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी ग्रंथसंपदा संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहे, ही मोठीच गोष्ट आहे. पण तीही प्रामुख्याने पीडीएफमध्ये. मोठ्या पडद्यावर ठीक, ई-रीडरवर जवळपास निरुपयोगी. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या निमित्ताने निघणाऱ्या योजनांत हे मुद्रितशोधन बसवले तर दर्जाचा उपयोग वाचकापर्यंत पोहोचेल. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, मर्ढेकर १९५६ मध्ये. लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे संपल्याने दोघांचेही लेखन आज हक्कमुक्त आहे. एवढ्या एका नियमात बसणारे मराठी साहित्य स्वच्छ युनिकोडमध्ये आणले तरी ग्रंथालयाचे पहिले ई-कपाट भरेल, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागणार नाही.

हक्क चालू असलेल्या पुस्तकांचे काय, हा प्रश्न लेखक-प्रकाशक रागाने विचारतील आणि त्यांचा राग रास्त आहे. त्यांच्या पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरताना ते रोज पाहतात. ग्रंथालयाने पुस्तक स्कॅन करून वाटायचे, असे मी सुचवत नाही. कायद्यातही तशी मुभा नाही. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या छापील पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते, ती जतनासाठी. देवघेवीसाठी परवाना विकत घ्यावाच लागेल. परदेशात त्याच्या रीती ठरलेल्या आहेत. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक, मुदत संपली की पुस्तक आपोआप परत, आणि ठरावीक वेळा दिल्यावर परवाना पुन्हा विकत घ्यायचा. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये ही मर्यादा सव्वीस वेळांची ठेवली तेव्हा अमेरिकेतले ग्रंथपाल खवळले होते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये 'एक प्रत, एक वाचक' या पद्धतीने दिलेले ई-पुस्तक छापील पुस्तकाच्या देवघेवीसारखे धरता येते, असे म्हटले. ब्रिटनमध्ये ग्रंथालयातून पुस्तक वाचले गेले की लेखकाला सरकारी निधीतून मोबदला मिळतो, आणि जुलै २०१८ पासून तो दूरस्थ ई-देवघेवीलाही लागू झाला. भारतात असा मोबदला छापील पुस्तकालाही नाही. उलट ई-देवघेवीत प्रत्येक वाचनाची नोंद आपसूक होते, त्यामुळे मराठी लेखकाला वाचनागणिक काही रुपये देण्याची सुरुवात करायची तर तीच सोपी जागा आहे. सिंगापूरचे राष्ट्रीय ग्रंथालय मंडळ इंग्रजी, चिनी आणि मलायबरोबर तमिळ ई-पुस्तकेही देते. तमिळ तिथे अल्पसंख्यांची भाषा आहे. महाराष्ट्रात मराठीची तशी स्थिती नाही.

'ड' वर्गातल्या ग्रंथालयांची शंका मला सर्वांत जवळची वाटते. तुटपुंज्या मानधनावर, पावसात गळणाऱ्या खोलीत ग्रंथालय चालवणारा ग्रंथपाल म्हणेल, आमचे अनुदान वेळेवर येत नाही आणि तुम्ही यंत्रांच्या गोष्टी करता. म्हणून पहिली अट हीच की ई-पुस्तकांचा निधी वेगळा असावा, चालू अनुदानातून एक रुपयाही वळवू नये. दुसरे असे की पुस्तक वाचकाकडे जाण्याची कल्पना आपल्या मातीत परकी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणले, आणि पुढे त्या संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाने मराठी पुस्तकांच्या पेट्या दुबईपर्यंत पोहोचवल्या. तिथे मराठी माणूस गेला तो नोकरीनेच. या उपक्रमांनी गावातले ग्रंथालय बंद पाडले नाही. ई-देवघेवीचे सभासदत्वही त्या गावातल्या ग्रंथालयातूनच मिळावे, तिथल्याच नोंदवहीत राहावे आणि त्याच्या सभासदसंख्येत धरले जावे. म्हणजे आटपाडीचा शिक्षक पालघरला गेला तरी आटपाडीच्या ग्रंथालयाचा एक सभासद कमी होणार नाही. आज तो कमी होतो, आणि वर्गवारीत त्याचा फटका त्या ग्रंथालयालाच बसतो.

एक आक्षेप नैतिक आहे. नोकरीत अन्याय झालेल्या माणसाच्या हाती पुस्तक देणे म्हणजे त्याला गप्प बसवणे नव्हे का? आकसाने झालेल्या बदलीचे उत्तर संघटनेत आणि प्रशासकीय न्यायाधिकरणात आहे, कपातीचे उत्तर कामगार कायद्यात शोधायला हवे, आणि कोणतेही यंत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. मनुष्यबळ विभागाने कपातीच्या पत्रासोबत 'स्वास्थ्यासाठी वाचा' असा सल्ला जोडला तर तो फाडून टाकण्याच्याच लायकीचा. पण मी बोलतो आहे ते ग्रंथालयाबद्दल, आणि ग्रंथालयाने माणसाला कशासाठी वाचतोस हे विचारायचे नसते. कुणी कादंबरीत डोके खुपसेल, कुणी सेवानियम वाचेल, कुणी नवे कौशल्य शिकेल, कुणी अण्णाभाऊ साठे वाचून आणखी चिडेल. चारही वाचकांना पुस्तक मिळाले पाहिजे. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे हा एक आहे. वाचकाचा पत्ता कायम असावा अशी अट त्यात नाही.

कराचा विषय आपल्या हातात नाही, तरी ओघाने नोंदवतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे. जुलै २०१८ पासून तो अठरावरून पाच टक्क्यांवर आला, तोही त्या पुस्तकाची छापील आवृत्ती असेल तरच. जीएसटी परिषदेत राज्याचा आवाज असतो, तो इथे लागावा.

आपल्या हातात असलेल्या गोष्टी मात्र पुरेशा आहेत. कोणत्याही शासनमान्य ग्रंथालयाच्या सभासदाला राज्यभर आणि राज्याबाहेरही चालणारे ई-सभासदत्व, शिल्लक अनामत त्याच खात्यावर. जिल्हा ग्रंथालयांत आणि आधी काही 'अ' वर्ग ग्रंथालयांत पुस्तके भरलेली मोजकी यंत्रे उसनी देण्याची सोय, म्हणजे ज्याला यंत्र घेणे झेपत नाही तो मागे राहणार नाही. परवान्यांसाठी स्वतंत्र निधी आणि त्यातला ठरलेला वाटा लेखकाला. हक्कमुक्त साहित्याचे युनिकोड मुद्रितशोधन साहित्य संस्कृती मंडळ, विश्वकोश मंडळ आणि विद्यापीठांचे मराठी विभाग यांच्यात वाटून. यांपैकी कशाला किती वर्षे लागतील याचा अंदाज आपणांस माझ्यापेक्षा चांगला असेल. पण एक काम असे आहे की त्याला ना निधी लागतो ना कायद्यात दुरुस्ती. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी प्रकाशकांकडून पुस्तके मागवते. पुढच्या वेळी ते आवाहन निघेल तेव्हा छापील प्रतींसोबत त्याच पुस्तकाची युनिकोड मजकूर असलेली ईपब फाइलही स्वीकारली जाईल, आणि ती देणाऱ्या प्रकाशकाशी परवान्याची बोलणी आधी केली जातील, एवढी एक ओळ त्यात घालण्याचा ठराव परिषदेच्या येत्या बैठकीत मांडावा, ही विनंती.

आपला,
एक मराठी वाचक